फट उघडी असताना

साल १८८८. एडिनबरोजवळ फोर्थ नदी समुद्राकडे रुंद होत जाते, तिथे पाण्यातून पोलादाचे तीन मनोरे वर आले आहेत. त्यांतल्या एकाच्या बाहेर झुकलेल्या हातावर तुम्ही उभे आहात. अंगात जाड लोकरी कोट, डोक्यावर कापडी टोपी, कमरेला दोर नाही. पायाखाली दोन फळ्या, त्यांच्या खाली नुसती हवा, आणि फार खाली राखाडी पाणी. उत्तर समुद्राकडून येणारा वारा ती टोपी केव्हा नेईल, सांगता येत नाही.

तुम्ही रिव्हेट मारणाऱ्या टोळीत आहात. पोरगा भट्टीतला लालभडक रिव्हेट चिमट्यात धरून आणतो, एकजण तो भोकात बसवतो, बाकीचे तो दाबून बसवतात. असे सुमारे ६५ लाख रिव्हेट आणि ५० हजार टनांहून जास्त पोलाद या पुलात जायचं आहे. दिवसभराच्या आवाजाने कानांत दडे बसतात आणि माणसं हातवाऱ्यांनी बोलायला लागतात.

टोळीतला म्हातारा तुम्हाला खालच्या मचाणावरची एक फळी दाखवतो. चार इंच जाडीचं लाकूड, आणि त्यात आरपार गेलेलं इंचभर व्यासाचं भोक. तीनशे फुटांवरून कुणाच्या तरी हातून निसटलेला पाना त्यातून गेला. पुलाचे अभियंते बेंजामिन बेकर यांनीच पुढे ही गोष्ट सांगितली. आणखी एका पान्याचीही सांगितली. तो एका माणसाच्या वेस्टकोटात वरून शिरला आणि घोट्यापाशी बाहेर पडला. कपडे फाटले, माणसाला खरचटलंही नाही. सुटकेच्या अशा गोष्टी पुलावर लगेच पसरतात. ज्यांची सुटका झाली नाही, त्यांचा आकडा नीट लागायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली. बराच काळ तो ५७ सांगितला जायचा. स्थानिक अभ्यासकांनी जुने कागद चाळून तो ७३ वर नेला.

खाली पाण्यात होड्या उभ्या आहेत. वरून कुणी पडला तर त्याला उचलायला. त्यांनी ८ माणसं जिवंत बाहेर काढली, आणि हजारो टोप्या.

याच पुलात, तुमच्यापासून थोड्या अंतरावर, दोन भागांच्या मध्ये मुद्दाम मोकळी सोडलेली जागा आहे. उन्हात पोलाद वाढतं, थंडीत आखडतं, म्हणून पुलाचे भाग सरकायला वाव हवा. ती जागा किती असावी हे बेकर आणि त्यांचे सहकारी अभियंते जॉन फाउलर यांनी पहिला रिव्हेट बसण्याआधी कागदावर मांडलं होतं. पूल हलणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. माणूस घसरणारच, हे गृहीत धरून मात्र फक्त होडी ठेवली गेली, तीही तो पडून झाल्यावर कामाला येणारी. मी या दोन गोष्टी शेजारी ठेवतो तेव्हा मला पुलावरच्या सुरक्षिततेचा सगळा इतिहास त्यांच्यात दिसतो. पोलादाच्या चुकीला जागा ठेवायला आपण लवकर शिकलो. माणसाच्या चुकीला जागा ठेवणं अजून शिकतो आहोत.

आता ४९ वर्षं पुढे, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला.

१७ फेब्रुवारी १९३७ची सकाळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या तोंडावर गोल्डन गेट पुलाचा रस्ता पूर्ण होत आला आहे; उद्घाटन मे महिन्यात आहे. तुमच्या डोक्यावर आता कडक शिरस्त्राण आहे. शहरातल्या बुलार्ड कंपनीने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं शिरस्त्राण बघून कॅनव्हास आणि सरसाची टणक टोपी काढली होती, तिचीच ही पुढची आवृत्ती. धुक्यातून परतणारा उजेड डोळ्यांना लागू नये म्हणून रंगीत चष्मा आहे. कमरेला पट्टा आणि दोर आहे. पोलादावर कसरती करून दाखवल्या तर त्याच दिवशी नोकरी जाते; मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांचा तसा हुकूमच आहे.

त्या काळी अमेरिकेत पूल बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा होता: दर १० लाख डॉलर खर्चामागे एक माणूस जायचा. हा पूल साडेतीन कोटींचा. म्हणजे ३५ मरणं आधीच गृहीत धरलेली. स्ट्रॉस यांनी तो ठोकताळा मानला नाही. त्यांनी पुलाच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मनिला दोराची जाळी टांगली. पुलाच्या दोन्ही कडांच्या बाहेर ती १० फूट पसरलेली आहे. तिला १ लाख ३० हजार डॉलर लागले, आणि त्या मंदीच्या काळात ही रक्कम डोळ्यांत भरणारी होती. आजवर १९ माणसं तिच्यात पडून वाचली आहेत. ते स्वतःला 'नरकाच्या अर्ध्या वाटेवरचा क्लब' म्हणवतात. चार वर्षं काम चालू आहे आणि आतापर्यंत एकच माणूस गेला आहे.

जाळी असली की पाय वेगळे पडतात, हे तुम्हाला चालताना जाणवतं. हात कामावर राहतात, मन खाली जात नाही. जाळीमुळे काम उरकतंही लवकर.

तुम्ही वर, ओतलेल्या रस्त्यावर आहात. तुमच्या खाली, पुलाच्या पोटाशी, चाकांवर सरकणारा एक मोठा मचाण गर्डरला टांगलेला आहे. काँक्रीट धरलेलं आहे, आता त्याच्या खालच्या लाकडी फळ्या काढायच्या आहेत. बारा-तेरा माणसं त्या मचाणावर आहेत. फळ्या निघतात, मचाणावर पडतात, मचाण पुढे सरकतो.

मग मचाणाच्या एका टोकाची पकड सुटते. मचाण तिरका होतो, दुसऱ्या टोकालाही तो भार झेपत नाही, आणि सुमारे ५ टनांचा तो लाकडा-लोखंडाचा सांगाडा माणसांसकट जाळीत पडतो. जाळी क्षणभर ताणते. मग तिचे दोर एकामागून एक तुटत जातात. तुम्हाला वर तो आवाज ऐकू येतो. एकजण कसाबसा पुलाच्या पोलादाला लोंबकळून राहतो. बाकीचे दोनशे फुटांहून जास्त खाली, जाळीत गुरफटलेले, पाण्यात. १० माणसं मेली. दोघं जिवंत निघाले, त्यातला एक टोळीचा मुकादम स्लिम लँबर्ट.

स्ट्रॉस यांच्या जाळीला मी दोष देत नाही. तिने १९ घरं वाचवली. पण ती माणसाच्या वजनासाठी विणलेली होती, मचाणाच्या नाही. त्या सकाळी सर्वांत महत्त्वाची वस्तू जाळी नव्हतीच. मचाण ज्या पकडींवर टांगला होता, त्या पकडी होत्या. हाताएवढ्या वस्तू. त्यांवर किती भार येणार, एक सुटली तर दुसरी तो पेलेल का, हा हिशेब मचाण चढवण्याआधीच करायचा होता. माणसं मचाणावर गेल्यावर त्यांनी कितीही सावध राहून काही उपयोग नव्हता. कामगारांच्या बेसावधपणाला दोष देणारे अहवाल वाचताना मला त्या पकडी आठवतात.

आता बाल्टिमोर. दोन तारखा, एक वर्षाचं अंतर, आणि रस्ता एकच: शहराला वळसा घालणारा आंतरराज्य मार्ग ६९५.

२२ मार्च २०२३, भर दुपार. तुम्ही रस्त्याच्या मधोमध, काँक्रीटच्या जाड अडथळ्यांमागे उभे आहात. एवढ्या जाड भिंतीमागे माणूस निर्धास्त होतो. भिंतीच्या रांगेत एके ठिकाणी खंड आहे. कामाच्या गाड्यांना आत-बाहेर करायला वाट लागते. दोन गाड्या वाऱ्याच्या वेगाने येतात, एक ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. मार्गिका बदलताना त्या एकमेकींना लागतात, आणि त्यातली एक फिरत-गडगडत नेमकी त्या वाटेतून आत घुसते. ६ कामगार जागीच जातात. चूक गाडी चालवणाऱ्यांची, यात वाद नाही. पण ती वाट कुठे असावी, किती रुंद असावी, तिचं तोंड कुणीकडे असावं, हे चालक ठरवत नाही.

२६ मार्च २०२४, मध्यरात्र उलटलेली. तोच मार्ग पुढे फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जातो. तुम्ही पुलाच्या टोकाशी पोलिसांच्या गाडीजवळ उभे आहात. पुलावर ८ माणसं आहेत, खड्डे बुजवायला आलेली. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर अशा देशांतून पोट भरायला आलेल्यांची टोळी. सुट्टीची वेळ आहे, बहुतेकजण आपापल्या गाड्यांत बसलेत. १ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास 'दाली' नावाच्या मालवाहू जहाजावरचे दिवे जातात. जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीय. जहाजाचा पायलट धोक्याचा संदेश देतो, आणि पोलीस दीड मिनिटाच्या आत पुलाची दोन्ही टोकं बंद करतात. किती गाड्या त्यामुळे वाचल्या असतील!

मग रेडिओवर बोलणं होतं: वर काम करणारी टोळी आहे, त्यांच्या मुकादमाला सांगायला हवं. एकजण म्हणतो, दुसरी गाडी इथे आली की मी वर जातो. तुम्ही ते ऐकता. पुढच्या काही सेकंदांत जहाज पुलाच्या खांबाला धडकतं आणि पूल पाण्यात गेलेला असतो. एकजण धावत सुटून वाचला, एकाला पाण्यातून जिवंत काढलं, ६ गेले.

पोलिसांनी हाताशी असलेल्या क्षणांत जे जमलं ते केलं. पण पुलावरच्या माणसाशी थेट बोलणारा एक रेडिओ कुणाच्या तरी हातात असता, आणि तो वाजला की काहीही न विचारता कुठे पळायचं हे आधी ठरलेलं असतं, तर? मिनिटं फार नव्हती, तरी होती. रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची तयारी होती आणि तिने काम केलं. टोळीपर्यंत आवाज पोचवण्याची तयारी नव्हती.

या वर्षीचा मे महिना. मुंबई, पूर्व द्रुतगती मार्गावरचा एक उड्डाणपूल. शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. या वेळी तुम्ही साइट इंजिनिअर आहात. आतापर्यंत तुम्ही नुसते बघत होतात. आता ठरवायचं तुम्हाला आहे.

काम सांगायला सोपं: दोन गाळ्यांच्या मधला जुना जॉइंट काढायचा आणि नवा बसवायचा. रोज या पुलावरून जाताना टायरखाली जो 'धडक-धडक' आवाज येतो, तो याच जागेचा. जुन्या जॉइंटची रबरी पट्टी फाटली आहे, पाणी खाली झिरपून गाळे ज्यांवर टेकतात ती बेअरिंग गंजत आहेत, आणि पाऊस तीन आठवड्यांवर आहे. वाहतुकीचा ब्लॉक शुक्रवारी रात्री १० ते सोमवारी पहाटे ५. सायनच्या उड्डाणपुलाच्या बेअरिंग २०२० साली बदलल्या, तेव्हा असेच काही दिवसांचे सलग ब्लॉक घेतले होते. रोज रात्री चार-पाच तासांचे तुकडे करण्यापेक्षा हे बरं. तुकड्यांच्या कामात रोज मांडामांड, रोज आवराआवर, आणि माणसं सर्वांत जास्त उघड्यावर असतात ती नेमकी त्याच वेळी.

वाहतूक पोलिसांचं पत्र खिशात आहे. माणसं ट्रकजवळ उभी करून तुम्ही टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची बोलणी, घेता. प्रत्येकाला एकच प्रश्न आधी: दिवसा झोपलात का? एक पोरगा खाली बघतो. तो सकाळपासून दुसऱ्या साइटवर होता.

"काका, हा आज ब्रेकर धरणार नाही. ट्रकमध्ये झोपू दे त्याला."

मुकादम परभणीकडचा, पन्नाशीचा, पुलांवर केस पांढरे झालेला. "साहेब, एक माणूस कमी पडंल. पाऊस डोक्यावर आलाय."

"कमी पडू दे. आणि त्याचा रोज कापायचा नाही."

मुकादम थोडा वेळ तुमच्याकडे बघतो आणि मान हलवतो. हा हिशेब त्यालाही कळतो. आजवर तो मांडायला कुणी त्याच्या बाजूने उभं राहिलेलं नसतं, एवढंच.

दहा वाजता फलक लागायला सुरुवात होते, आणि ती सुरुवात कामाच्या जागेपासून होत नाही, खूप मागून होते. भारतीय रस्ते काँग्रेसची एसपी-५५ ही मार्गदर्शिका कामाच्या आसपासचा रस्ता चार टप्प्यांत बघायला सांगते: आधी सूचना, मग मार्गिका हळूहळू बंद होत जाण्याचा पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी रस्ता पुन्हा मोकळा होण्याचा पट्टा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाला समोरचं दिसून, समजून, ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आपल्याकडच्या मानकांनुसार १२० मीटर लागतात. वेग १०० असेल तर १८०. म्हणजे शंकूंची रांग बघून ब्रेक मारायची वेळ आलेल्या चालकाला उशीर झालेला असतो. त्याला ते खूप आधी कळलेलं असायला हवं.

बॅरिकेड लागतात. त्यांच्यात आत यायची वाट तुम्ही वाहनं येतात त्या तोंडाशी ठेवत नाही. ती पुढच्या टोकाला ठेवता, म्हणजे आत यायचं तर कामाची गाडी पुढे जाऊन, हळू होऊन, मागे वळून येईल, आणि भरधाव गाडीला सरळ आत घुसता येणार नाही. बाल्टिमोरमधल्या त्या दुपारची गाठ इथे बांधलेली आहे. वाहनांच्या बाजूला, कामाच्या बऱ्याच आधी, पाण्याने भरलेला टँकर उभा. हँडब्रेक ओढलेला, चाकं कामापासून बाहेर वळवलेली, आत कुणीही बसलेला नाही. टँकर आणि माणसं यांच्यात मोकळं अंतर. गाडी आदळली तर टँकरही सरकतो.

तरी मोटरसायकली येतात. दोन बॅरिकेडमधून शिरतात, उलट्या दिशेनेही येतात. त्यांना शिव्या देऊन भागत नाही, त्या येणारच हे धरून आतली बाजूही दोरीने आणि लाल दिव्यांनी बंद करायची.

एका माणसाला आज दुसरं काहीच काम नाही. तो कामाकडे पाठ करून वाहनांकडे तोंड करून उभा आहे, हातात गॅसचा भोंगा. ब्रेकर सुरू झाला की तीन फुटांवरची हाकही पोचत नाही, भोंगा पोचतो. तो वाजला की हातातलं टाकायचं आणि ठरलेल्या जागी जायचं. ती जागा तुम्ही अंधार पडायच्या आधी चालून बघितली आहे, कारण घाबरलेला माणूस कठड्याकडे पळतो, आणि कठड्यापलीकडे ३० फूट खाली सर्व्हिस रोड आहे. त्या रोडवरही आज माणूस उभा केला आहे, आणि फटीखालचा पट्टा बंद आहे. भोंगेवाल्याच्या आणि त्याच्या हातात वॉकीटॉकी आहे, तिसरी तुमच्याकडे. दर अर्ध्या तासाला एकदा बोलायचं, काही घडलं नसलं तरी. माणसाची नजर तासाभरात थकते, म्हणून भोंगेवाला दर तासाने बदलतो.

पुलाच्या पोटाशी, फटीच्या बरोबर खाली, लोखंडी ट्रे टांगला आहे. वरचं काँक्रीट फोडताना तुकडे खाली पडू नयेत म्हणून. तुम्ही संध्याकाळी शिडीने जाऊन त्याची प्रत्येक टांगणी हाताने हलवून बघितली, दोन टांगण्या वाढवल्या. आणि नियम केला: ट्रेमध्ये राडारोडा साचू द्यायचा नाही, तासातासाला रिकामा करायचा. काँक्रीटच्या एका घनमीटरचं वजन अडीच टनांच्या आसपास असतं. ते हळूहळू, पाटीपाटीने साचतं, त्यामुळे कुणाला जाणवत नाही. ट्रेमध्ये उतरणाऱ्या माणसाचा हार्नेस ट्रेला नाही, गर्डरच्या स्वतंत्र दोराला अडकवलेला आहे. ट्रे गेला तरी माणूस राहिला पाहिजे.

कटर सुरू होतो. पाण्याचा पाइप पात्यावर धरलेला आहे, करड्या चिखलाचे ओघळ उतारावर पसरतात. मग पाणी बंद पडतं, आणि कटरवाला थांबत नाही. पांढरा ढग उठतो, फ्लडलाइटमध्ये चमकतो, आणि तुम्ही १९३१ सालात पोचता: अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया, गॉली ब्रिज नावाचं गाव, त्याच्या जवळचा हॉक्स नेस्ट बोगदा. डोंगर जवळजवळ शुद्ध सिलिकाचा. पाण्याशिवाय ड्रिल चालतात, कारण कोरडं ड्रिल भराभर जातं. बोगद्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही. कामगार बहुतेक दक्षिणेकडून आलेले काळे मजूर, तोंडाला काही नाही; पाहणीला येणारे साहेब मात्र मास्क लावून येतात. महिन्या-दोन महिन्यांत माणसांना धाप लागते. मार्टिन चर्नियाक या डॉक्टरने पुढे केलेल्या अभ्यासात मृत्यूंचा अंदाज ७६४ निघाला. पडून मेलेला माणूस सगळ्यांना दिसतो. धुळीने मरणारा आपल्या गावी जाऊन मरतो, साइटच्या कुठल्याच वहीत त्याची नोंद होत नाही.

तुम्ही हात वर करून कटर बंद करायला लावता. टँकरच्या टाकीत पाणी भरपूर आहे, जोडणीचा पाइप तेवढा निसटलेला आहे. पाच मिनिटांचं काम. अमेरिकेतल्या आजच्या नियमात आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका चालत नाही. ही मर्यादा इतकी कमी आहे की तेवढी धूळ दिसतही नाही. त्यामुळे ढग दिसू लागला की मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. तोंडाला बांधलेला गमछा हा मास्क नव्हे. तुम्ही पेटीतले मास्क वाटता, दाढीवाल्याला तो नीट बसत नाही म्हणून त्याला ब्रेकरपासून दूर ठेवता.

पहाटेपर्यंत जुना जॉइंट निघतो. सळ्या उघड्या पडल्या आहेत, मधली फट खालपर्यंत दिसते आहे. आता पुलावर सर्वांत धोक्याची जागा हीच: फूट-दीड फूट रुंदीची, दिव्याच्या सावलीत न दिसणारी. काम नसेल त्या प्रत्येक मिनिटाला ती पोलादी प्लेटने झाकायची. फटीजवळ वापरायचं प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला किंवा सळीला बांधलेलं. फोर्थच्या फळीतलं ते इंचभर भोक मी कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा परिणामकारक मानतो.

शनिवारी रात्री फटीच्या दोन्ही कडांना बसणारे एज बीम येतात. क्रेन बीम उचलते, माणसं सवयीने हात लावायला धावतात. हात नाही, दोरी. बीमच्या दोन्ही टोकांना दोरी, दोघं दोन बाजूंनी लांबून वळवणार, खाली कुणी नाही. क्रेनला इशारा एकच माणूस देणार. 'थांब' मात्र कुणीही म्हणू शकतो.

पुलाचा हिशेब आता तुमचा. इथले गाळे सलग जोडलेले आहेत, जॉइंटपर्यंतची लांबी १०० मीटर. काँक्रीट अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. वर्षभरात पुलाच्या तापमानात २५ अंशांचा फरक पडला तर हे टोक ३० मिलिमीटर पुढे-मागे होणार. म्हणून आज बीममधली फट किती ठेवायची हे हवेचं नव्हे, काँक्रीटच्या पोटातलं तापमान मोजून ठरवायचं. पहाटे ३ नंतर ते स्थिर असतं, तेव्हा बीम सळ्यांना वेल्ड करायचे. वेल्डिंगभोवती पडदा, नाहीतर तो निळा प्रकाश येणाऱ्या चालकाचे डोळे दिपवतो. निओप्रिनची पट्टी ठिणग्यांपासून लांब, आग विझवायचं नळकांडं हाताशी.

दोन्ही बीम धरले गेले की त्यांना एकत्र पकडून ठेवणारे तात्पुरते क्लॅम्प लगेच सोडायचे, कारण सूर्य वर आला की पूल वाढायला लागतो आणि क्लॅम्प त्याला अडवू शकत नाही; एकतर काँक्रीट तडकतं किंवा ताणलेला बोल्ट सुटून कुणाला तरी लागतो. क्लॅम्प सोडणारा बोल्टच्या समोर उभा राहत नाही, बाजूला राहतो. मुकादमाला हे सांगावं लागत नाही. तो आधीच पोरांना बाजूला ओढतो.

रविवारी पहाटे काँक्रीट पडतं. गमबूट, हातमोजे, ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि ते घरी गेल्यावर समजतं.

सोमवार, पहाटे ४. लवकर ताकद धरणारं काँक्रीट आहे. नमुन्याचा क्यूब फोडून ताकदीचा आकडा आलेला आहे, आणि तो हवा त्यापेक्षा कमी आहे. कंत्राटदाराचा माणूस घड्याळ दाखवतो. "साहेब, पाचला पूल उघडतोय असं सगळीकडे छापून आलंय. प्लेट टाकू वर. एवढ्याने काय होतंय?"

तुम्ही वाहतूक पोलिसांना फोन लावता. दोन मार्गिका उघडतील, ही एक संध्याकाळपर्यंत बंद राहील, पुढचा क्यूब दुपारी. पलीकडून नाराजी येते, मग कबुली येते. बंद राहणाऱ्या मार्गिकेचे फलक आता दिवसाच्या गर्दीसाठी बदलावे लागतील. तेही तुम्ही कालच ट्रकमध्ये टाकून आणले होते, कारण क्यूब चुकू शकतो हे धरलेलं होतं.

आवराआवर सुरू होते. बाकीच्या दोन मार्गिकांवरचं सामान निघतं ते लावलं त्याच्या उलट क्रमाने: आधी पुढच्या टोकाचे शंकू, मग बॅरिकेड, मागचा सूचनाफलक सर्वांत शेवटी. भोंगेवाला अजून वाहनांकडेच तोंड करून उभा. घाई करायची इच्छा याच अर्ध्या तासात सर्वांत जास्त होते, सगळ्यांना घर दिसायला लागलेलं असतं. हत्यारं मोजली जातात, मग माणसं. ट्रेमधून निघालेला शेवटचा माणूस हार्नेस सोडतो.

कंत्राटदाराचा माणूस पुन्हा येतो. पुढच्या ब्लॉकमध्ये दोन जॉइंट घेऊ, पावसाआधी सगळं होईल, टोळी तीच.

"टोळी तीच असेल तर एक," तुम्ही म्हणता. "दोन हवे असतील तर दुसरी टोळी, दुसरा भोंगेवाला, दुसरा ट्रे. आणि ट्रेच्या टांगण्या मी बघितल्याशिवाय कटर सुरू होणार नाही."

तो मुकादमाकडे बघतो. मुकादम म्हणतो, "साहेब म्हणतात तसं. अन् त्या पोराचा शुक्रवारचा रोज लिवा."